शालोमकाकांची पहिली रेकॉर्ड

शालोमकाका रिकामा ग्रामोफोन ऐकायचे. म्हणजे रेकॉर्ड न लावता. गिरणीतून आले, हातपाय धुतले, की चावी भरायची, चकती नुसतीच गरगर फिरू द्यायची आणि समोर खुर्ची टाकून डोळे मिटून बसायचं. आतल्या यंत्राची घरघर भिंतीपलीकडे माझ्या स्वयंपाकघरात यायची. जात्यावर खडे दळावेत तशी. मधूनच काका ‘वाहवा’ म्हणायचे.

“काका, वाहवा कुणाला?” मी एकदा विचारलं.

“मशीनला. वाजत नाय म्हणून काय झालं? त्याला कान लागतो, कान!”

ही त्रेसष्ट सालची गोष्ट. आम्ही मुंबईहून इस्रायलला आलेले ज्यू, किर्यात गात गावात राहायचो. इथं सरकारी इमारतीला ‘शिकून’ म्हणतात. आमच्या शिकूनमध्ये शिकून आलेलं कुणीच नव्हतं, सगळे सूतगिरणीत. त्यातल्या त्यात संगीत शिकून आलोय अशी समजूत एकट्या काकांची होती. मुंबईहून निघताना लोकांनी तांब्याची भांडी आणली, पाटा-वरवंटा आणला. काकांनी गोधडीत गुंडाळून फोनो आणला. तो त्यांना भायखळ्याच्या मामाने दिलेला. रेकॉर्डी मात्र मामाने स्वतःकडे ठेवल्या. मामा शहाणा असावा.

उभ्या आयुष्यात काकांनी एकही रेकॉर्ड विकत घेतली नव्हती. “घेण्यालायक निघाली नाय,” म्हणायचे. वरच्या मजल्यावरचा मोरोक्कोवाला ऊद नावाचं त्यांचं तंतुवाद्य घेऊन गाऊ लागला, की काका म्हणायचे, “ह्याच्या पोटात दुखतंय. ओवा द्या.” समोरच्या रुमानियन बाईच्या रेडिओवर गिरक्यांचा वॉल्ट्झ लागला, की “भोवळ येईल बाईला.” आणि रेडिओवर सदान्‌कदा वाजणारी, अकॉर्डियनच्या तालावरची तरण्या पोरापोरींची हिब्रू गाणी? “ती गाणी नव्हेत. ती कवायत.”

एवढे कानसेन, पण मशिदीत (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणायचो) प्रार्थना सुरू झाली की काकांचा सूर उजवीकडे आणि बाकी सगळ्यांचा डावीकडे. प्रार्थना म्हणणारा हजान बिचारा एक बोट वर करून त्यांना थांबवायचा. काकांना वाटायचं, दाद देतोय.

एकदा मी चष्म्यासाठी तेल अवीवला निघाले होते. तर बसथांब्यावर काका हजर. अंगात लग्नातला कोट. वाळवंटाचा गरम वारा सुटलेला, माणसं बनियनवर बसलेली, आणि हे कोटात.

“बाय, मी पण येतो. रेकॉर्ड घ्यायचीय.”

“निघाली का शेवटी लायक?”

“तुला हिब्रू येतं म्हणून येतोय. अक्कल विचारली नाय.”

दुकानदार म्हातारा होता, शांत. काकांना गाण्याचं नाव ठाऊक नव्हतं, गाणाऱ्याचं नव्हतं. त्यांनी सरळ गुणगुणायला सुरुवात केली. दुकानातल्या दोन बायका बाहेर गेल्या. दुकानदाराने एक रेकॉर्ड लावून दाखवली. काकांनी मान हलवली. दुसरी लावली. ती पण नाही. मग काका चिडले, स्वतःच्या कानावर बोट आपटत ओरडले, “कान! कान! कान पाहिजे!”

आता हिब्रूत ‘कान’ म्हणजे ‘इथं’. म्हातारा काउंटरच्या बाहेर आला, काकांच्या कानाजवळ वाकला आणि काळजीने विचारू लागला, इथं? इथं काय होतंय? डॉक्टर बोलावू का? मी हसून हसून खाली बसले. काका मात्र त्याच्यावर डाफरतच होते, “बघ, ह्याला पण कान नाय!”

शेवटी एक छोटी रेकॉर्ड लागली आणि काकांचं बोट कानावरून खाली आलं. “हीच.”

मी ऐकलं. अकॉर्डियन. तरणी पोरं, तरण्या पोरी. वर्षभर रेडिओवर वाजून वाजून चोथा झालेलं गाणं.

“काका, ही तर तुमची कवायत!”

“तू गप. मशीनला हलकं खाणं पण लागतं.”

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला खिडकीशी, उन्हाच्या बाजूला बसवलं. ऊन लागून रेकॉर्ड वाकडी होईल म्हणे. “तू वाकडी व्हायची नायस.” रेकॉर्ड कोटाच्या आत, छातीशी. किर्यात गातला पोचेपर्यंत माझा अर्धा चेहरा करपला.

घरी आल्यावर खरी मजा. काकांचा फोनो जुना, जोरात फिरणारा. रेकॉर्ड नवी, सावकाश फिरवायची. सुई टेकवली, तर गाणारे गडी मांजराच्या पिल्लांसारखे चिरकू लागले. काकांनी चकतीला अंगठा लावला. तेच गडी आता बासुंदी खाऊन पेंगलेल्या पाहुण्यांसारखे रेकू लागले. असं अंगठा कमीजास्त करत काका रोज संध्याकाळी तेच गाणं लावायचे. त्यांची जाडी लोखंडी सुई, नाजूक रेकॉर्ड. आठवड्याभरात गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू यायला लागली. माझ्या नवऱ्याने कानात कापूस घातला.

मग काका शब्द विचारायला येऊ लागले.

“बाय, ‘ओहेल’ म्हणजे काय गो?”

“तंबू.”

“तंबूवर गाणं? शी!” आणि गेले. पाच मिनिटांनी परत. “‘ओहेल’च्या पुढं काय म्हणतात ते?”

म्हातारपणी एवढी हौस! मी भाकऱ्या थापता थापता सांगायचे आणि पाठ वळली की नवऱ्यापुढे त्यांची नक्कल करायचे. चांगली जमायची मला.

त्यांची एकुलती एक मुलगी, रिबका, तेव्हा सैन्यात होती, एलातकडे. तिची आई मुंबईतच वारलेली. काकांनीच तिची वेणीफणी केली, तिला वाढवलं. इथं आल्यावर ती रिवका झाली. महिन्या-दोन महिन्यांनी रजेवर यायची. काका मराठीत विचारायचे, जेवलीस काय, झोप येते काय, तिथं माणसं बरी हायत काय. ती हिब्रूत एकच उत्तर द्यायची, “बेसेदेर, अब्बा.” ठीक आहे. आणि आरशासमोर केस विंचरत सैन्यातलं कुठलं तरी गाणं गुणगुणत राहायची. काकांचं हिब्रू पाव मागण्यापुरतं आणि रांगेत भांडण्यापुरतं. त्यापुढे दोघांत काही चालायचं नाही.

त्या शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडे सांदणं द्यायला गेले होते. रिवका नुकतीच आलेली. न्हाऊन, कपडे बदलून मैत्रिणीकडे निघाली होती. खांद्याला पिशवी लावलेली. काका टेबलाशी उभे होते. एकदम घसा खाकरून त्यांनी ते गाणं म्हणायला घेतलं. हिब्रूत. पहिल्यापासून शेवटापर्यंत. शब्द एकूण एक बरोबर, सूर एकही नाही. उच्चार असे, की हिब्रू भाषा कोकणातून खाडीवाटे आली असावी.

मी ओठ चावून उभी. रिवका दारात थबकली.

गाणं संपलं. ती म्हणाली, “अब्बा, हे जुनं झालं. आता आमच्यात हे कुणी म्हणत नाही.” हिब्रूतच म्हणाली. काकांना ते समजलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं.

त्यांनी टेबलावरचं फडकं उचललं, पुसायला काही नव्हतं तरी पुसलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “मग आता काय म्हणतात?”

“मा?” तिने विचारलं. काय?

“तुमच्यात गो. आता. काय म्हणतात ते सांग. मी शिकतो.”

 रिवका पिशवी उतरवून खाटेवर बसली आणि हळू आवाजात एक नवं गाणं म्हणू लागली. काका तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले. एक ओळ झाली की हात वर करून तिला थांबवायचे, ती ओळ स्वतः म्हणायचे, भयंकर म्हणायचे, आणि ती पुन्हा सांगायची.

सांदणं मी टेबलावर ठेवली. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

नवऱ्याने विचारलं, “आज काय केलं म्हाताऱ्याने? करून दाखव.”

मी म्हटलं, “काही नाही. जेवायला बस.”