योहान मामा आणि तेलाचा काटा

योहान मामांच्या गाडीत बसलं की पहिलं मिनिट कुणी बोलायचं नाही. चावी फिरली, इंजिन खोकलं, की मामा बोट वर करतात आणि डॅशबोर्डवरच्या एका छोट्या गोल काचेकडे बघत राहतात. आतला काटा शून्यावरून उठून पन्नासाच्या पुढे गेला की बोट खाली येतं. "आलं तेल. आता बोला काय बोलायचं ते."

एव्हाना बोलायचं ते लोक विसरलेले असतात. मला ही पद्धत आवडते. मला मुळात बोलायचं नसतं.

केडगावात आमच्या घराला लागून एक कुंपण आहे आणि त्यापलीकडे मामांची काळी मोटार. ती वयाने मामांपेक्षा मोठी, म्हणून मामा तिच्याशी अदबीने वागतात. त्यांची सगळी नोकरी कुरकुंभच्या कारखान्यात बॉयलरच्या काट्यासमोर गेली. निवृत्तीनंतर बघायला दुसरा काटा हवा होता म्हणून ही गाडी घेतली, असं त्यांची मुलगी रूथ म्हणते.

मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून मला 'ऑइल प्रेशर' कळत असणार असं मामा धरून चालतात. मला ते त्यांच्याकडूनच कळलं. "पंप प्रेशर देत न्हाई, पोरी. पंप नुसतं तेल ढकलतो. म्होरं जागा अडचणीची असली तरच प्रेशर येतं. बेअरिंग झिजलं, फट वाढली, की तेल मोकळं सुटतं आन् काटा बसतो." आणि मुख्य नियम असा, की थंड इंजिनावर विश्वास ठेवायचा नाही. "थंडपणी तेल घट्ट असतं. तवा सगळ्यांचाच काटा वर. गरम झाल्यावर बघायचं."

हा नियम मामा माणसांनाही लावतात. चर्चच्या नव्या पाळकांचा पहिला उपदेश सगळ्यांना आवडला. मामा म्हणाले, "अजून थंड हाईत." निवडणुकीला उभ्या राहिलेल्या पाटलांबद्दलही तेच म्हणाले, पाटलांसमोर. रूथला बघायला शिरूरचा मुलगा आला, तेव्हा चहा झाल्यावर मामांनी त्याला मोटारीत घातलं आणि भर एप्रिलच्या दुपारी पाटसपर्यंत फिरवून आणलं, काचा बंद. मुलगा घामाने निथळत उतरला आणि म्हणाला, "काका, गाडी छान ठेवलीय." मामांनी घरात येऊन निकाल दिला, "पोरगा चांगला हाय. गरम झाला तरी काटा पडला न्हाई."

लग्न शिरूरच्या चर्चमध्ये मे महिन्यात ठरलं. रूथ घरून चर्चला जाणार ती आपल्याच गाडीतून, असं मामांनी जाहीर केलं. पण तोवर गाडीचाच काटा पडायला लागला होता. इंजिन तापलं आणि गाडी जागेवर गुरगुरत राहिली, की तो दहाच्याही खाली जायचा. दौंडच्या मिस्त्रीने सुचवलं, "मामा, जाड तेल टाका. काटा वर दिसंल."

मामा दुखावले. "दिसंल. म्हंजी ताप आलेल्याचा थर्मामीटर बर्फात घालायचा व्हय रं?"

रूथ म्हणाली, "पप्पा, आपण जीप करू. वाटेत बंद पडली तर मी काय ढकलू?"

"जीप तुझी आई पुसायची का दर रविवारी?" मामा म्हणाले. मामींना जाऊन काही वर्षं झाली आहेत. जीपचा विषय तिथेच संपला.

आजवर काटा वाचायचं काम रूथचं. ती पुढे बसून आकडे सांगायची, मामा रस्ता बघायचे. लग्नाच्या दिवशी ती पांढऱ्या साडीत मागे बसली आणि मामांनी मला पुढे बोलावलं. "तू बरी. आकड्याबिगर काय बोलायची न्हाईस."

न्हावऱ्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. मी म्हणायचे, "चाळीस." मामा समाधानाने म्हणायचे, "चाळीस." घात झाला तो शिरूरात शिरताना. मुलाकडच्यांनी नवरीला चर्चपर्यंत वाजतगाजत न्यायला बँड आणला होता. बँड मुंगीच्या चालीने पुढे, आमची गाडी मागे, ऊन डोक्यावर.

"वीस," मी म्हणाले. "पंधरा. मामा, बारा."

मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मास्तर, जरा पाय उचला."

बँडमास्तर वळून म्हणाला, "आबा, नवरी हाय ना आत? का पेशंट हाय?"

"वाजवा की, कोण नको म्हणतंय? पण पळत वाजवा. तेल चढंना झालंय."

मास्तरला तेलाचं काही कळलं नाही, पण मामांनी गाडी रेटली आणि बंपर ढोलवाल्याच्या पोटऱ्यांपाशी आला, ते त्याला नीट कळलं. ढोल पळाला, ढोलामागे ताशा पळाला, आणि सगळ्यांत शेवटी स्वतः मास्तर. गाण्याला धाप लागली. दुकानदार गल्ले सोडून बाहेर आले. रूथ मागे पदर तोंडाशी धरून हसत होती.

"पंचवीस," मी म्हणाले.

"बघ," मामा म्हणाले.

चर्चशी आम्ही वेळेच्या बरंच आधी पोचलो. मुलाकडची माणसं अजून फाटकाला फुलं बांधत होती. बँड पायऱ्यांवर बसून पाणी पीत होता. मामा आता चावी फिरवतील म्हणून मी थांबले. पोचल्याबरोबर इंजिन बंद करणं हा त्यांचा धर्म आहे. पण त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहिले.

"पंधरा," मी म्हणाले.

इंजिन गुरगुरत राहिलं.

"दहा."

"पप्पा, बंद करा ना," रूथ म्हणाली. "काटा पडतोय."

"पडू दे," मामा म्हणाले. "बस जरा."

ते काट्याकडे बघतच नव्हते. समोरच्या आरशातून मागे बघत होते. रूथ पदर सारखा करत होती, ती थांबली. मग पुढे सरकून तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

काटा आणखी खाली आला. मी आकडा सांगितला नाही.