रिकामी नळी

दोन हजार तेवीस सालच्या मार्गशीर्षात कुडपणच्या पठारावर अशी थंडी पडली, की पहाटे चावी फिरवली की गाडी म्हाताऱ्यासारखी खोकायची, थरथरायची आणि गप व्हायची. पाचव्या खेपेला उठलीच, तर दहा मिनिटं गदागदा हलायची. तो खोकला चिमाबाईच्या काळजाला घरं पाडी. गाडी तिच्या वारलेल्या नवऱ्याची, रायबाची. वाडीवर आलेली पहिली. तिच्यातून कितीतरी अडलेल्या बायका महाडच्या दवाखान्यात गेल्या, आणि चिमाबाई ती पोरं आजही नावानिशी सांगे. तिची आठवणच तशी. एक्याऐंशी साली नेलेला कोयता कोणी परत आणला नाही, तेही ती विसरली नव्हती.

"आये, आता बास," मुंबईहून आलेला किशोर म्हणाला. "रविवारी धा वाजता भंगारवाला येतोय."

"तुझ्या बापाची गाडी भंगारात? त्याआधी मला घाल!"

"दोनदा महाडला नेली गो. अनिल मेकॅनिकला काय सापडत नाय."

सापडणार कसं? घाट उतरून महाडला पोचेपर्यंत गाडी चांगली तापलेली असे. माहेरी रडरड रडणारी लेक सासरी गुमान राहावी, तशी ती अनिलच्या दारात शहाण्यासारखी चाले. त्याने प्लग बदलले, बॅटरी तपासली, मान हलवली. इकडे चिमाबाईने वाडीभर सांगून टाकलं, की त्यानेच गाडी बिघडवली.

शेवटी अनिल म्हणाला, "गाडी थंड असताना ऐकायला हवी." शनिवारी तो मुक्कामालाच वर आला. चिमाबाईने त्याला नाचणीची भाकरी वाढली. "खा बाबा. गाडी मारलीस, म्हणून काय तुला उपाशी ठेवायचा नाय."

रविवारी उजाडताच किशोरने चावी फिरवली. तोच खोकला. अर्धी वाडी गोळा झाली. अनिल बॉनेटवर कान लावून उभा राहिला, मग त्याने एअर फिल्टर उतरवून मागे टॉर्चचा झोत टाकला.

"आजी, इथली नळी कुठाय?"

"कसली नळी?"

"काळी, करंगळीएवढी. ती नाही म्हणून आत भलतीच हवा शिरते. तापलेलं इंजिन निभावून नेतं, थंडीत त्याला सोसत नाही."

"उंदरानं खाल्ली असंल," किशोर म्हणाला.

"उंदीर कुरतडतो. ही विळ्याने कापलीय."

"विळ्यानं!" चिमाबाई कडाडली. "ज्यानं कापली त्याचं हात झडतील! रायबाच्या गाडीवर विळा? सात पिढ्या..."

ती मध्येच थांबली. गोठ्यातून चुटूचुटू आवाज येत होता. आई मेलेलं वासरू, चांदी, खांबाला टांगलेल्या बाटलीतून दूध ओढत होतं. बाटलीला लाकडी बूच होतं, आणि बुचातून काळी नळी लोंबत होती.

चिमाबाईला लख्ख आठवलं. कार्तिकात कोंबडी बॉनेटखाली अंडी घालायची. एकदा अंडं शोधताना हात पार मागे गेला, तर ही नळी लागली. कापून फुंकून पाहिली, तर ना तेल आलं, ना पाणी. बिनकामाची, म्हणून चांदीला लावली होती! आता गप्प बसली, तर कोणाला कळणार नव्हतं; पण दहा वाजता भंगारवाला येणार होता. सगळी वाडी तिच्याकडे बघत होती. नुकताच दिलेला शाप अजून जिभेवर होता.

ती गोठ्यात गेली आणि बाटली घेऊन आली.

"आये?" किशोर म्हणाला.

"रिकामी होती रे."

"तिच्यात हवा असते, आजी," अनिल हळूच म्हणाला.

"हवेला नळी कशाला लागते? आख्खं पठार हवेचंच हाय!"

अनिलने नळी धुऊन बसवली. गाडी पहिल्या चावीला उठली आणि घुंगरांच्या बैलासारखी डौलात घुमली. दहाला भंगारवाला आला, क्षणभर ऐकत राहिला आणि चहा पिऊन गेला.

पुढे अनिलने पोलादपूरला दुसरं गॅरेज टाकलं. थंडीत खोकणारी गाडी आली की तो बॉनेट उघडण्याआधी विचारतो, "घरात वासरू आहे का?" किशोर गावी आला की गाडीआधी गोठा तपासतो. चिमाबाईला अजून सगळं आठवतं, फक्त त्या मार्गशीर्षाचं नाव काढलं की तिला कोंबड्यांना दाणे टाकायचे असतात.

चांदी आता मोठी गाय झाली आहे. पण पहाटे गाडी सुरू झाली, की दावं तोडून धावत येते आणि बॉनेटला तोंड लावून उभी राहते.