बाबारावांच्या पलंगाचा कारभार

जुने मित्र बाबाराव वारले आणि त्यांनी मृत्युपत्रात आपल्याला व्यवस्थापक नेमलंय हे कळल्यापासून यज्ञेश्वररावांची चालच बदलली. जिल्हा कार्यालयातून निवृत्त झाल्यावर त्यांना कोणी कशावरच नेमलं नव्हतं. घरात तर भाजी आणायलासुद्धा त्यांच्या पत्नी शुभदाताई त्यांच्यावर विसंबत नसत. आता यवतमाळात जो भेटेल त्याला ते सांगत, "बाबारावचं सगळं मीच पाहून राह्यलो." मृत्युपत्र पूर्ण वाचायचं मात्र राहून गेलं. आपलं नाव पहिल्याच पानावर सापडल्यामुळे पुढच्या पानांत त्यांना रस उरला नव्हता.

तेरवीला शय्यादान करायचं ठरलं. लोक अशा वेळी बाजारातली तकलादू खाट, पातळशी गादी आणि छत्री देऊन मोकळे होतात. यज्ञेश्वररावांना ते पटेना. कारभार आपल्या हाती असताना कंजुसी कशाला? त्यांनी बाबारावांचा सागवानी पलंग, उशाला दोन मोर कोरलेला, गादीसकट गुरुजींच्या स्वाधीन केला. जेवायला आलेल्या मंडळींनी वाहवा केली. दुसऱ्याचा पलंग देताना माणूस किती दिलदार होतो, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

कंबर धरल्यामुळे तेरवीला येऊ न शकलेल्या बाबारावांच्या थोरल्या बहीण, इंदुताई, पुढच्याच आठवड्यात बाभुळगावहून टेम्पो घेऊन हजर झाल्या. मृत्युपत्राच्या दुसऱ्या पानावर पलंग त्यांच्या नावे होता. लोखंडी खाटेवर बहिणीला झोप येत नाही, हे भावाला ठाऊक होतं.

"पलंग कुठी हाय?"

"ताई, तो दान दिला. बाबारावच्या आत्म्याले शांती..."

"आत्म्याले कंबर नसते, यज्ञेश्वरा. मले हाय."

यज्ञेश्वरराव गुरुजींकडे धावले. दिलेलं दान परत मागणारा कोणकोणत्या नरकात जातो ते गुरुजींनी सविस्तर समजावलं आणि पलंग आर्णीच्या जावयाला दिल्याचं सगळ्यात शेवटी सांगितलं. मग स्कूटर आर्णीला. जावयाचं खतं-बियाण्यांचं दुकान होतं आणि पलंग कापून त्याने त्याचं काउंटर करून घेतलं होतं. दोन्ही मोर गिऱ्हाइकांच्या गुडघ्याशी उभे राहून खताच्या पोत्यांकडे पाहत होते.

आता आशा उरली पुतण्याची. मंदार वकील होता आणि घरचा होता, तेव्हा काहीतरी पळवाट काढेल असं यज्ञेश्वररावांनी धरलं होतं. मंदारने आधी त्यांना दुसरं पान वाचायला लावलं.

"काका, व्यवस्थापक म्हणजे मालक नाही. ज्याची वस्तू त्याला न देता तुम्ही परस्पर उधळली, तर भरपाई तुमच्या घरातून करावी लागते."

"अरे, पण मी पुण्यासाठी केलं."

"कोर्टात पुण्याची वजावट मिळत नाही."

तसा जुना सागवान आता मिळतो कुठे? त्यांच्या माहितीत तसा एकच पलंग उरला होता, त्यांचा स्वतःचा, नोकरीत असताना हौसेने करून घेतलेला. त्यावरची दुपारची झोप हे त्यांच्या निवृत्तीचं एकमेव सुख होतं. इंदुताईंनी त्यावर आडवं होऊन पाहिलं, कूस बदलली आणि "चालते" म्हणाल्या. टेम्पो गेला. नवरा-बायको सतरंजीवर आले, आणि तिसऱ्याच दिवशी यज्ञेश्वररावांना कळलं की कंबर आपल्यालाही आहे.

महिन्याभराने इंदुताईंनी दोघांना जेवायला बोलावलं. पानं वाढता वाढता म्हणाल्या, "मीबी मृत्युपत्र केलं. व्यवस्थापक तुलेच नेमलं."

एवढं होऊनही हा विश्वास! यज्ञेश्वररावांचा ऊर भरून आला. "मलेच काहून, ताई?"

"दुसरे चुकले तर हात झटकतेत. तू भरून देतं. मी पाह्यलं ना."

"अन् पलंग?" त्यांनी हळूच विचारलं.

"तो शुभदाच्या नावानं ठेवला. बिचारी तुह्यापायी जमिनीवर झोपून राह्यली. तू फक्त पोचवून दे. तेरवीले खाट बाजारातून आनजो."

यज्ञेश्वररावांनी जबाबदारीने मान डोलावली. शुभदाताईंनी मात्र हात धुऊन तिथूनच मंदारला फोन लावला, व्यवस्थापकावर लक्ष ठेवायला आणखी एक व्यवस्थापक नेमता येतो का, ते विचारायला.