दोष कळवा

“सहा महिन्यांत मी नातीशी तिच्या भाषेत बोलेन, आणि तेही निर्दोष!”

छापखान्यात चाळीस वर्षे मुद्रिते तपासून निवृत्त झालेल्या आजोबांनी ही घोषणा केली, तेव्हा आजी वाटाणे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. परदेशी जन्मलेली पाच वर्षांची नात व्हिडिओ कॉलवर हात हलवी आणि दहाव्या सेकंदाला पळून जाई; मागे उरलेल्या रिकाम्या खुर्चीकडे दोघे पाहत राहत. आता ती प्रथमच घरी येणार होती.

आजोबांनी मोबाइलवर भाषा शिकवणारे अ‍ॅप घेतले. दुर्दैव असे, की त्यात प्रत्येक परक्या वाक्याखाली मराठी अर्थ असे आणि त्याखाली ‘दोष कळवा’ हे बटण!

‘नित्याच्या गरजा’ या धड्यात वाक्य होते : ‘मला शू लागलीय.’

“असे कोणी छापते का!” आजोबा कडाडले.

त्यांनी दुरुस्ती धाडली : ‘आदरणीय महोदय, मला स्वच्छतागृहात जाण्याची आवश्यकता भासत असल्याने कृपया मार्ग दाखवावा.’ दुसऱ्याच दिवशी उत्तर आले : ‘सूचना स्वीकारली. आभारी आहोत.’ निवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्या लाल शाईला कोणी मान दिला होता! सहा महिन्यांत चारशे बारा वाक्ये शुद्ध झाली. आजोबा स्वतः तिसऱ्याच धड्यावर होते.

“अहो, शिकताय की शिकवताय?”

“पाया पक्का करतोय.”

नात आली आणि आईच्या मागे दडली. आजोबांना तिच्या भाषेतला एक शब्द आठवेल तर शपथ!

“बाबा, काळजी नको,” लेक म्हणाली. “तिला त्याच अ‍ॅपवर मराठी लावलंय. वाक्यं तीच, फक्त उलटीकडून. तुमच्याशी बोलायचं म्हणून रोज घोकते.” आणि ती बॅगा उघडायला आत गेली.

थोड्या वेळाने नात हळूच येऊन आजोबांच्या मांडीवर बसली. गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “आदरणीय महोदय, मला स्वच्छतागृहात जाण्याची आवश्य... आवश्य...”

आजोबांचे डोळे भरून आले. त्यांचे वाक्य! त्यांच्या हातचे!

“छान! पण सावकाश. पुन्हा पहिल्यापासून.”

गुणी पोर! गुडघे घट्ट आवळून, लालबुंद होऊन तिने पुन्हा आरंभ केला. “...भासत असल्याने कृपया मा...”

आजोबांच्या मांडीला ऊब जाणवली.

“चाळीस वर्षं अक्षरं वाचलीत,” आजी टॉवेल घेऊन धावल्या, “अर्थ कधी वाचणार?”

नात हमसून रडू लागली. आजोबांनी तिला उचलले, न्हाणीघराच्या दारात नेले आणि बोटाने आत दाखवून, चोरट्यासारखे, हलकेच विचारले, “शू?”

तिने हुंदका गिळून मान हलवली. मग हसली. त्यांचे पहिले संभाषण ते एवढेच.

विजार बदलून आजोबांनी चारशे तेरावी दुरुस्ती धाडली : ‘मूळ वाक्यच योग्य होते. दोष माझा.’

दुसऱ्या दिवशी उत्तर आले : ‘सूचना नाकारली. सध्याचे वाक्य अधिक शुद्ध आहे.’