अर्ध्या लॉकचा छडा

गुप्तहेर जन्मावा लागतो, असं मामांचं मत होतं. आणि आपण तसे जन्मलो आहोत, हे त्यांना अलीकडेच कळलं होतं. आपल्या नजरेतून सुई सुटत नाही, खोटं बोलणं आपल्याला वासावरून कळतं आणि आपल्या पावलांची चाहूल मांजरालाही लागत नाही, असं ते निःसंकोच सांगत. मांजराबद्दलचं खरं होतं. त्याच्या शेपटीवर मामांचा पाय दोनदा पडला होता.

मामांची हयात बस डेपोत, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे गेली. लोक सापडलेल्या छत्र्या, डबे, एखादी कवळी आणून देत आणि मामा ती फळीवर ठेवत. निवृत्तीनंतर आठवणींनी हळूच कूस बदलली आणि त्या सगळ्या वस्तू मामांनीच हुडकल्या होत्या असं ठरलं. मग त्यांनी एक भिंग घेतलं, घोट्यापर्यंत येणारा मातकट कोट घेतला, आणि सहायक विकत मिळत नाही म्हणून भाच्याला नेमलं.

भाचा मिस्त्री. मामींनी त्याला लहानाचा मोठा केलेला. घरामागच्या शेडमध्ये तो गाड्या दुरुस्त करी, आणि त्या दिवशी त्याच्या टेबलावर घरच्याच म्हाताऱ्या गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवून ठेवलेलं होतं. एका व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली होती. ती आजच बदलायला हवी होती. मामींच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन उद्यावर आलं होतं आणि "लेक उशाशी आल्याशिवाय डोळ्याला हात लावू देणार नाही," असं म्हातारीनं डॉक्टरांना बजावलं होतं. वाटेत नदी. पलीकडे नेणारी बोट आज संध्याकाळी सुटली की दुरुस्तीसाठी बंद होणार होती.

स्प्रिंग दाबायचं खास हत्यार भाच्याकडे नव्हतं. पण अडला हरी पाण्याच्या पाइपाचेही पाय धरतो. त्याने जुन्या पाइपाचा वीतभर तुकडा कापला, त्याला बाजूने खिडकी पाडली आणि तो स्प्रिंगच्या टोपीवर उभा केला. व्हॉल्व्ह खाली सरकू नये म्हणून हेडखाली लाकडाचा ठोकळा दिला आणि सुताराकडून मागून आणलेल्या क्लॅम्पने सगळं आवळलं. स्प्रिंग दबली. खिडकीतून चिमटा घालून त्याने लॉकचे दोन अर्धगोल तुकडे काढले. नखाएवढे तुकडे, पण स्प्रिंगला जागेवर धरून ठेवतात तेच. घरंगळू नयेत म्हणून त्याने ते नेहमीप्रमाणे डब्याच्या झाकणातल्या ग्रीसच्या गोळ्यात रोवून ठेवले.

तेवढ्यात मामा आले. टेबलावर कोपर टेकवून, हनुवटी तळहातावर ठेवून हेडकडे रोखून बघत राहिले.

"काय मामा?"

"विचार करतोय."

"कसला?"

"गुन्हा अजून घडलेला नाही. पण घडेल."

तो घडलाच. भंगारवाल्याकडे मिळालेली एकुलती एक स्प्रिंग दाबून भाच्याने झाकणाकडे हात नेला, तर ग्रीसमध्ये लॉकचा एकच तुकडा. दुसरा गायब. ही गाडी बनवणं कारखान्याने कधीच सोडून दिलं होतं. नवा तुकडा कुठून आणणार?

"कोणी जागचं हलू नका," मामा म्हणाले. शेडमध्ये ते आणि भाचा दोघेच होते.

स्वयंपाकघराच्या दारातून मामींनी हाक मारली, "अहो, तो कोट काढून द्या. जायच्या आधी धुऊन टाकते."

"तपास चालू असताना गणवेश उतरवत नसतात."

पहिला संशय शेजारच्या टायरवाल्यावर आला. "त्याचे हात बघितलेस? काळे."

"मामा, तो टायरवाला आहे."

"सबब तयार ठेवूनच धंदा निवडलाय त्याने." मामांनी कुंपणावरून त्याच्यावर बोट रोखलं. टायरवाल्याला वाटलं हवा भरायला बोलावतायत. तो पंप घेऊन आला आणि शिव्या देत परत गेला.

दुसरा सिद्धान्त असा की, लॉक स्वतःच उडून गेलं. ते किती लांब उडतं हे पडताळायला मामांनी भाच्याची पाठ वळताच शेजारच्या व्हॉल्व्हवर पाइप ठेवला आणि वरून हातोडा हाणला. टोपी उडाली, स्प्रिंग मामांच्या कानाजवळून गेली, आणि त्या व्हॉल्व्हचं लॉकही जमिनीवर विखुरलं. भाच्याने गुडघ्यांवर रांगत ते गोळा केलं. दात खाल्ल्याचा आवाज तेवढा आला.

"म्हणजे लॉक उडतं, पण सापडतं," मामा म्हणाले. "न सापडणारं लॉक चोरलेलंच असतं. घरातल्या माणसाने." त्यांनी आवाज खाली आणला. "तुझी मामी."

"मामी कशाला चोरेल?"

"माझ्याशिवाय तिला तिकडे करमणार नाही. प्रेम माणसाकडून काय वाटेल ते करवतं."

मामी मागेच उभ्या होत्या. पिशव्या भरून तयार होत्या आणि डोळे रडवेले झाले होते. "आई सकाळपासून दाराकडे कान लावून बसली असेल," एवढंच त्या म्हणाल्या. मग मामांकडे वळल्या. "जायचं नसेल नशिबात, तर निदान कोट तरी धुते. काढा."

"अगं, पुरावे..."

मामींनी कॉलर धरली आणि केळं सोलावं तसा कोट सोलून काढला. बाही उलटीसुलटी करून उजेडात धरली. कोपरावर ग्रीसचा जाड थापा होता आणि त्यात, शेवयांतल्या बेदाण्यासारखा, लॉकचा तुकडा रुतून बसला होता. ज्या हाताने दिवसभर जगावर बोट रोखलं, त्याच हाताचं ते कोपर.

काखेतल्या कळशाची म्हण मामींच्या ओठांवर आली होती. पण उशीर होत होता.

भाच्याने दोन्ही व्हॉल्व्हची लॉकं बसवली, क्लॅम्प सैल केला, हेड चढवलं. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. मामी डोळे पुसत पुढच्या सीटवर बसल्या.

मामा खिडकीशी आले. "मला सुरुवातीपासून संशय होता. म्हणून तर आरोपीला दिवसभर अंगावर बाळगलं. एक क्षणही निसटू दिलं नाही."

मामींनी कोटाचं बोचकं खिडकीतून त्यांच्या हातात दिलं. गाडी निघाली. भाच्याने आरशात बघितलं तर मामा धावत येत होते. एका हातात बोचकं, दुसऱ्या हातात भिंग. त्याने घाबरून गाडी थांबवली.

मामा धापा टाकत खिडकीशी पोचले. "अगं, साबण कुठे ठेवतेस?"

मामींनी काच वर केली आणि ती पुरती बंद व्हायच्या आत म्हणाल्या, "शोधा."