गुणवंतदादांच्या पाच बादल्या

बादलीत हात घालायच्या आधी आमचे गुणवंतदादा बोटातली अंगठी काढतात, मनगटातलं कडं काढतात आणि नखं बघतात. नख जरा वाढलेलं दिसलं की आधी ते कापतात, मग बादली. घासणी, काथ्या, राख यातलं काहीही त्यांच्या बादलीजवळ चालत नाही. जुन्या धोतराचं मऊ फडकं, तेवढंच.

"प्लास्टिकले ओरखडा पडला का थ्यात घाण जाऊन बसते," ते म्हणतात. "मंग ब्रह्मदेव आला तरी निंघत नाई."

दादा म्हणजे माझे भासरे, आमच्या घरच्यांचे थोरले भाऊ. बियरच्या कारखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं टाक्या धुतल्या. बियर मात्र कधी तोंडाला लावली नाही. रिटायर होऊन ते महागाव तालुक्यातल्या आमच्या गावी आले ते पाच पांढऱ्या बादल्या घेऊनच. झाकणाच्या, रबराची रिंग असलेल्या. त्यात ते आलं, गूळ आणि लिंबू घालून आंबवतात आणि त्याला बियर म्हणतात. सुरुवातीला गावातले बरेच जण मोठ्या आशेनं आले. दोन-दोन ग्लास पिऊन ओट्यावर वाट बघत बसले.

"गुणवंता, चढून नाई राह्यली रे!"

"चढत नाई, उतरत नाई. पोट साफ होते," दादा म्हणाले.

तेव्हापासून गर्दी कमी झाली. पण उन्हाळ्यात शेतातून आलेल्या माणसाला तो थंड ग्लास मिळाला की तो पुन्हा येतोच. मी स्वतः पिते. जिभेला झणझणतं आणि जीव थंड होतो.

आमच्याकडे भासऱ्यांशी थेट बोलायची रीत नाही. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली, अंगणही एकच, पण आमचं बोलणं बकरीमार्फत. दादा बकरीकडे बघून म्हणायचे, "काय व बकरे, खायचा सोडा संपला वाटते." मी पदर सावरून सोड्याचा पुडा ओट्यावर ठेवायची. मला काही सांगायचं असलं तर मीही बकरीलाच सांगायची. बकरीला दोन्ही घरचं सगळं माहीत.

दादांचा खरा मान त्यांच्या नाकात. बादली धुवून, कोमट पाण्यात सोडा घालून भिजवून, विसळून, पालथी वाळवून झाली की ते खांद्यापर्यंत आत शिरायचे. डोळे मिटून मोठा श्वास घ्यायचे आणि आतूनच निकाल द्यायचे, "पास!" तो आवाज बादलीत घुमायचा. कारखान्यातले त्यांचे मोठे साहेब म्हणायचे म्हणे, गुणवंतानं पास केलेली टाकी दुसऱ्यानं तपासायची गरज नाही. हे वाक्य दादांनी गावात प्रत्येकाला निदान दहादा ऐकवलं आहे.

यंदा तेच साहेब यायचे ठरले. उमरखेडला नातलगाकडे येणार होते, तिथून खास दादांची बियर प्यायला. दादा आठ दिवस नीट जेवले नाहीत. पाचही बादल्या अंगणात मांडल्या, मला झाकणं पुसायला बसवलं, म्हणजे बकरीला तसं सांगितलं. मग एकेका बादलीत शिरले.

पास. पास. पास.

चौथी बादली आली आणि मला लोणचं आठवलं. उन्हाळ्यात दादा आठ दिवस बाहेरगावी गेले होते. तेव्हाच माझी लोणच्याची बरणी तडकली. फोडींना मसाला लावून झालेला, ठेवायचं कशात? मी अडाण्यासारखं ते या बादलीत भरलं. ते यायच्या आदल्या दिवशी काढलं, साबणानं चार वेळा धुतलं, झाकण लावून जागेवर ठेवलं. आता माझ्या हातात तिचंच झाकण होतं आणि त्याच्या रबरातून हिंगाचा असा भपका येत होता की बकरीनंही तोंड फिरवलं.

दादा आत शिरले. मोठा श्वास घेतला.

"पास!"

मी झाकण पुन्हा नाकाला लावलं. मग समजलं. या माणसाला वासच येत नाही.

गूळ चिरून तयार होता, पाणी निवत होतं. गप्प बसले असते तर माझी चोरी झाकली असती, त्यांचं गुपितही राहिलं असतं. पण साहेबांच्या ग्लासात लोणचं गेलं असतं. मी बकरीकडे पाहिलं, पण तिच्याकडून हे काम होण्यासारखं नव्हतं.

"दादा," मी म्हणाले. "त्या बादलीले वास येते."

वीस वर्षांतलं माझं हे पहिलं बोलणं.

"कायचा?"

"हिंगाचा. मीनं लोणचं ठेवलतं."

मला वाटलं, आता गाव गोळा होतो. पण ते ओट्यावर बसले आणि गुडघ्यांकडे बघत म्हणाले, "दोन वर्सं झाले. मोठा ताप आल्ता, थ्यात वास गेला. गुलाब अन् घासलेट मले सारखंच." मग हळूच, "कोनाले सांगजो नोको. नाक गेल्यावर माह्यापाशी राह्यलं काय?"

"माह्यं आहे ना," मी म्हणाले. कसं बोलले कोण जाणे.

चार दिवस आम्ही त्या बादलीच्या मागे लागलो. रिंग काढून वेगळी भिजवली. रोज ताजं कोमट पाणी, ताजा सोडा, मग थोडा वेळ ऊन. कढत पाणी नाही, प्लास्टिक वाकतं. सकाळ-संध्याकाळ मी आत शिरायची आणि सांगायची: आहे. थोडा आहे. चौथ्या दिवशी मी आतूनच ओरडले, "पास!" माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं.

बियर आंबली, साहेब आले, दोन ग्लास प्याले. जुन्या सवयीनं उठून पाचही बादल्या हुंगून आले. म्हणाले, "गुणवंत, तुझं भांडं आजही तपासायला नको."

दादा मान डोलवून गप्प बसू शकले असते. मी दाराआड उभी होते, मला ते ऐकू आलं. "साहेब, माह्यं नाक गेलं. ह्या बादल्या आमच्या सुमनबाईनं पास केल्या." साहेब दाराकडे वळून म्हणाले, "बाई, कारखान्यात असत्या तर बढती दिली असती." मी पदरात तोंड लपवलं. आमच्या घरच्यांनी ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजारात सांगितली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी दादा एक गोधडी घेऊन माझ्या दाराशी आले. माझ्या थोरल्या जावेची; मी तिला बाई म्हणायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली. जगातली प्रत्येक वस्तू धुणाऱ्या या माणसानं ती गोधडी एकदाही पाण्यात घातली नव्हती. घडीसुद्धा तिनं घातली तशीच होती.

"आंधी तिचा वास रोज यायचा," ते म्हणाले. "आता गेला का अजून आहे, मले समजत नाई. तू पाहून सांग. खरं सांगजो."

मी घडीत तोंड घातलं. चुलीचा धूर होता, खोबरेल तेल होतं आणि तळाशी, अगदी थोडा, ती दाताला लावायची त्या मिश्रीचा वास.

"आहे, दादा," मी म्हणाले. "बाई आहेत अजून."

त्यांनी गोधडी पोटाशी धरली आणि तिथेच उंबऱ्यावर बसले.