आजोबांचं दुपारचं निधन

वर्तमानपत्रात निधन वार्तांच्या टेबलावर मला बारा वर्षं झाली, आणि या बारा वर्षांत एकाही मृताचं वय माझ्या हातून चुकलेलं नाही! फोनवरचा माणूस कितीही हुंदके देवो, मी तीनच प्रश्न विचारतो: नाव? वय? कधी? शेवटी सांगतो, फोटो आणा. दोन मिनिटांत मजकूर तयार. असा माणूस स्वतःच्या मुलीला बोलतं करू शकणार नाही?

मुलगी साडेतीन वर्षांची. एका वेळी एकच शब्द, तोही मनात आलं तर. महिनाअखेरीला वाचा-उपचारांच्या बाई तिला पुन्हा तपासणार होत्या. तोवर तीन शब्दांचं एक वाक्य आलं नाही, तर शाळा वर्षभर लांबणार होती.

"महागडी खेळणी नकोत," बाईंनी बजावलं होतं. "घरातल्याच वस्तूंनी खेळा. ती नेईल तिकडे जा. आणि खेळताना मोबाइल बंद!"

चार दिवस मी वाट्या-चमच्यांचं दुकान मांडलं. गिऱ्हाईक मी, दुकानदारही मीच. ती खिडकीबाहेरच्या करड्या आभाळाकडे बघत बसे. पाचव्या दिवशी तिनं कपाटातून जुना, बिघडलेला फोन ओढून काढला आणि एका खोक्यामागे बसली.

"ऑफिस," ती म्हणाली.

ती नेईल तिकडे जायचं होतं. गेलो. "नमस्कार, एक नोंद द्यायची होती. आमचा वाघ वारला."

"नाव?" ती म्हणाली. मग, "वय?" मग, "कधी?"

घरी येणारे माझे ऑफिसचे फोन ती ऐकत होती तर! मला भरून आलं!

आठवड्याभरात घरातली सगळी खेळणी वारली. अस्वल दीर्घ आजारानं, ससा झोपेत, रबरी बदक बादलीत बुडून.

"अरे, डॉक्टर-डॉक्टर खेळ ना तिच्याशी!" बायको वैतागली.

"त्यात माणूस बरा होतो. मग बोलायला विषय उरत नाही."

खेळणी संपली तेव्हा सासरे पुढे आले. ते आमच्याकडेच राहतात. सासूबाई गेल्यापासून दुपार त्यांना खायला उठते.

"मी मरू का?" ते म्हणाले. "नाहीतरी आडवाच असतो."

रोज जेवणानंतर छातीवर हात ठेवून ते सोफ्यावर मरू लागले. एकदा मधेच त्यांनी चहा मागितला, तेव्हा मी दटावलं, "मेलेल्यांनी बोलायचं नाही!" मुलगी नीट ऐकत होती.

गुरुवारी मी स्वयंपाकघरात दूध तापवत होतो. मोबाइल नियमाप्रमाणे बंद. बायको कामावर. सासरे नियमाप्रमाणे मृत. तेवढ्यात बाहेरून मुलीचा आवाज आला, खणखणीत:

"आजोबा वारले. वय चौऱ्याहत्तर. आज दुपारी. झोपेत." आणि जरा थांबून, "फोटो आणा."

मी शब्द मोजले. नऊ! दूध उतू गेलं तरी मी तसाच उभा, डोळ्यांत पाणी. तिच्या हातात सासऱ्यांचा खरा मोबाइल होता, आणि पलीकडे त्यांची थोरली बहीण, म्हणजे बायकोची आत्या, हे मला कसं कळावं?

आत्यांचा विश्वास बसला, याला कारण होतं. ही पोरगी बोलत नाही हे त्यांना ठाऊक होतं. ती बोलतेय, म्हणजे घरात काहीतरी भयंकर घडलंय!

त्यांनी बायकोला कळवलं. बायकोनं मला फोन लावला, बंद. मग आत्यांनी सगळ्या नात्यागोत्यात कळवलं. अर्ध्या तासात दार वाजलं. शेजारी खाली मान घालून आत आले. पाठोपाठ आत्या, हुंदके देत, हातात खरोखरच फोटो! मग बायको, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. सासरे मरता मरता गाढ झोपले होते. रडारडीनं त्यांनी डोळे उघडले, तशी शेजारीण किंचाळली आणि आत्या मटकन खाली बसल्या.

"अरे मेल्या, जिवंत आहेस तर फोन का नाही उचललास?"

"नियम होता," सासरे म्हणाले.

आत्या माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, तुमच्या ऑफिसला गिऱ्हाईक कमी पडतंय का?"

बायकोनं वडिलांचा हात धरून ठेवला होता आणि तो सुटता सुटेना. सासऱ्यांनी उठून बसत खोलीभर नजर फिरवली, ओठांतल्या ओठांत जमलेली माणसं मोजली आणि म्हणाले, "अकराच?"



त्या आरडाओरड्यानंतर मुलगी गप्प झाली. अगदी एक शब्दसुद्धा नाही. तीन दिवस ती खोक्याकडे फिरकली नाही, आणि मी माझ्या बारा वर्षांच्या अनुभवासह नुसता बसून राहिलो.

चौथ्या दिवशी जेवणानंतर सासरे काही न बोलता सोफ्याकडे निघाले. बायकोनं त्यांना हात धरून खुर्चीत बसवलं. "तुम्ही नाही, बाबा." मग मला म्हणाली, "तू झोप."

मी झोपलो. छातीवर हात ठेवले. बायको जमिनीवर बसली आणि कानाला मूठ लावली.

"नमस्कार, एक नोंद द्यायची होती. आमचे हे वारले."

मग खोकं सरकल्याचा आवाज.

"वय?"

"बेचाळीस."

"एकोणचाळीस!" मी ताडकन उठलो. बारा वर्षांत एकही वय चुकू दिलं नव्हतं!

मुलीनं माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मेलेल्यांनी बोलायचं नाही."

तीन शब्द. चूक एकही नाही. मी बेचाळीसचा होऊन निमूट आडवा झालो.